कॉम्प्रेसर बदलण्याआधी गाडी एक रात्र उभी करून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१३ ची सात आसनी जर्मन एसयूव्ही, चारही चाकांना एअर सस्पेन्शन (लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी बलून, त्यांत हवा भरायला कॉम्प्रेसर), सेकंडहँड घेतलेली, १ लाख १० हजार किलोमीटर झालेली. सकाळी पुढची उजवी बाजू चाकावर टेकलेली दिसते. पूर्वी गाडी स्टार्ट केली की दोन-तीन मिनिटांत उठायची. आता बराच वेळ घरघर होते, गाडी अर्धवट उठते, आवाज बंद पडतो आणि डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा इशारा येतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून ‘कॉम्प्रेसर गेला, नवीन टाका’ असं सांगितलंय. विचारणा तीन गोष्टींची आहे: खरंच कॉम्प्रेसर गेलाय का, तो दुरुस्त होतो का, आणि तोपर्यंत गाडी चालवायची का.

कॉम्प्रेसर दमलाय हे मलाही पटतं. पण एक गोष्ट नीट पाहा. रात्री गाडी बंद असते तेव्हा कॉम्प्रेसर काहीच करत नाही. उभी गाडी वर धरून ठेवतात ते बलून आणि व्हॉल्व्ह. म्हणजे रात्रीतून एकच कोपरा खाली बसतो, त्याचा दोष कॉम्प्रेसरवर टाकता येत नाही. हवा कुठून तरी गळतेय, आणि ती रोज भरून काढता काढता कॉम्प्रेसर झिजलाय. पंक्चर तसंच ठेवून नवीन पंप विकत घेतला तर जे होईल तेच इथे होतं: नवीन कॉम्प्रेसर काही महिने जोरात चालतो आणि मग जुन्याच्याच वाटेने जातो. माझ्याकडे कॉम्प्रेसरची तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत मूळ दुखणं कॉम्प्रेसरच्या बाहेर असलेल्या गाड्याच जास्त असतात. बलून, रिले (कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच), ड्रायर किंवा व्हॉल्व्ह ब्लॉक (हवा कोणत्या बलूनकडे जायची ते ठरवणारा व्हॉल्व्हचा संच), यांपैकी काहीतरी.

हा कॉम्प्रेसर किती नाजूक असतो ते आधी समजून घ्या. एसटीच्या डिझेलवरच्या शिवनेरीलाही एअर सस्पेन्शन असतं, पण तिथला कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, ब्रेकलाही तोच हवा पुरवतो आणि दिवसभर चालण्यासाठीच बनवलेला असतो. कारमधला म्हणजे १२ व्होल्टची छोटी मोटर, एक पिस्टन आणि त्यावर टेफ्लॉनच्या जातीची रिंग. आत तेल नाही, कारण तेल बलूनच्या रबरात आणि व्हॉल्व्हमध्ये गेलेलं चालत नाही. तेल नसल्यामुळे घर्षणाची उष्णता जायला जागा कमी. म्हणून तो थोडा वेळ चालावा आणि बराच वेळ थंड व्हावा अशी रचना आहे. कंट्रोल युनिट, म्हणजे सस्पेन्शन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, त्याच्या चालण्याच्या वेळेवरून किंवा तापमानाच्या सेन्सरवरून हिशोब ठेवतं आणि जास्त तापला की सरळ बंद करतं. तुमचा आवाज मध्येच थांबतो तो बहुतेक यामुळेच. अर्ध्या तासाने परत स्टार्ट केल्यावर तो पुन्हा चालतो का ते बघा. चालत असेल तर मोटर, वायरिंग आणि रिले यांच्यावरचा संशय निम्म्याने कमी झाला.

आता ड्रायर. गॅरेजमध्ये सर्वांत दुर्लक्षित राहणारा भाग हाच, आणि आपल्या हवामानात सगळ्यात आधी मरणारासुद्धा. पावसाळ्यात मुंबईच्या किंवा कोकणातल्या एक घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. समजा सस्पेन्शनची हवा साठवायची ९ लिटरची टाकी १५ बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) भरायची आहे. त्यासाठी बाहेरची सुमारे १३५ लिटर हवा आत ओढावी लागते, म्हणजे एका भरण्याला तीन ग्रॅमच्या वर पाणी. हे पाणी ओढून घ्यायला कॉम्प्रेसरच्या पुढे ड्रायरचा डबा असतो, त्यात ओलावा शोषणारे मणी. मणी ओले झाले की पुन्हा कोरडे कसे होतात? गाडी खाली घेताना बलूनमधली कोरडी हवा त्याच ड्रायरमधून उलट्या दिशेने बाहेर सोडली जाते आणि जाताना ती मण्यांमधला ओलावा घेऊन जाते. चांगली युक्ती आहे. पण तिला एक अट आहे: आत गेलेली हवा परत ड्रायरमधूनच बाहेर पडली पाहिजे. बलूनला चीर असेल तर हवा तिथूनच निसटते, परतीचा प्रवास होतच नाही. कॉम्प्रेसर मात्र रोज नवीन ओली हवा आत भरत राहतो. काही महिन्यांत मणी पूर्ण भिजतात, फुटतात आणि त्यांची पांढरी पूड पुढे पाइपातून व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाते. तिथे व्हॉल्व्हच्या सीटवर एक कण जरी अडकला तरी तो व्हॉल्व्ह नीट बसत नाही. मग गळती एकाची दोन होते. सुरुवात एका बलूनपासून झाली आणि बिल चार भागांचं आलं, असं होतं ते यामुळे.

म्हणून तपासणीची सुरुवात कॉम्प्रेसर खोलून करू नका. सुरुवात मोजपट्टीने करा, ती घरीही करता येते. संध्याकाळी गाडी सपाट जागेवर लावा, सामान आणि माणसं उतरवा, गाडी नॉर्मल उंचीवर आणा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, कडेपर्यंतचं अंतर मोजून कागदावर लिहा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा कमी-जास्त असली की मोजमाप फसवतं. मग सस्पेन्शन कंट्रोल युनिटचा फ्यूज काढून ठेवा. कोणता ते ओनर मॅन्युअलमध्ये किंवा फ्यूजबॉक्सच्या झाकणावरच्या तक्त्यात मिळेल. सकाळी परत मोजा.

फ्यूज काढायला सांगतोय त्याला कारण आहे. काही गाड्यांचं कंट्रोल युनिट गाडी बंद असतानाही अधूनमधून जागं होतं आणि उंची तपासतं. लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ आणि ४ मध्ये हे हमखास दिसतं. एक कोपरा खाली गेलेला दिसला की ते बाकीचे तीनही त्याच्या पातळीला आणून ठेवतं, गाडी तिरकी दिसू नये म्हणून. सकाळी मालकाला चारही बाजू बसलेल्या दिसतात आणि सगळेच बलून गेले असं वाटतं. फ्यूज काढला की ही लपवाछपवी थांबते, जो कोपरा खरोखर गळतो तोच खाली येतो.

आकडे वाचताना थोडं तारतम्य ठेवा. लांबून आलेल्या गाडीच्या बलूनमधली हवा ४५ अंशांना असेल आणि नाशिकच्या जानेवारीतल्या पहाटे ती १० अंशांवर आली, तर वजन तेवढंच राहिल्यामुळे हवेचं आकारमान सुमारे ११ टक्क्यांनी घटतं. म्हणजे चारही कोपरे मिळून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर खाली येणं ही गळती नव्हे. एकच कोपरा चार-पाच सेंटीमीटर बसला तर मात्र शंका घ्यायला जागा राहत नाही. आणि महिनाभर गाडी उभी ठेवून परदेशी गेलेल्या माणसाने परत आल्यावर गाडी थोडी बसलेली पाहून घाबरू नये. रबरातूनही अगदी हळू हवा झिरपतेच.

पुढचं काम गाडीखाली जाण्याचं आहे, त्यामुळे इथेच सांगून टाकतो. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालू नका. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखालीही नको. हवा सुटायला सेकंद पुरतात आणि वरचं वजन दोन टनांच्या पुढे असतं. ज्या गाडीत जॅक मोड (सस्पेन्शनला आपोआप हलू न देणारी सेटिंग) आहे तो चालू करा, गाडी लिफ्टवर घ्या किंवा बॉडीखाली पक्के स्टँड लावा. कुठलाही पाइप सोडण्याआधी स्कॅनरमधून त्या कोपऱ्याची आणि टाकीची हवा सोडा. १५ बारचा पाइप हातात सुटला तर त्यातून उडालेली बारीक खडी सरळ डोळ्यात जाते. संरक्षक चष्मा घाला.

गळती शोधायला भांडी घासायचं लिक्विड पाण्यात मिसळून स्प्रेच्या बाटलीत भरा. याहून चांगलं हत्यार मी अजून पाहिलेलं नाही. गाडी सगळ्यात उंच पातळीवर न्या, कारण रबराच्या चिरा घडीत असतात आणि बलून ताणला की उघडतात. खालची घडी, वरची पाइपची जोडणी, बलूनच्या कडेचं कडं, सगळीकडे फवारा आणि घाई न करता बघत राहा. मोठी चीर फसफसते. लहान चिरेवर मिनिटभराने बारीक पांढरा फेस जमतो, तो नजरेतून सुटतो. बऱ्याच गाड्यांत पुढचा बलून ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात असतो. तिथे रबर दिसणार नाही, नळकांड्याच्या खालच्या तोंडाशी, रबरी कव्हरच्या कडेने फेस येतो का ते बघावं लागतं. पाइप नायलॉनचे असतात, बहुधा ४ ते ६ मिलिमीटर व्यासाचे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे पाइप उंदरांनी कुरतडलेले मी कितीतरी वेळा पाहिलेत. तिथे बलून आणि कॉम्प्रेसर दोन्ही ठणठणीत असतात, वीतभर पाइप आणि एक जोड बदलला की काम संपतं.

साबणाने काहीच दिसलं नाही आणि तरी कोपरा बसतोय, तर व्हॉल्व्ह ब्लॉककडे या. प्रत्येक बलूनसाठी तिथे एक सोलेनॉइड (विजेवर उघडणारा) व्हॉल्व्ह असतो, टाकीसाठी वेगळा. इथली गंमत अशी की व्हॉल्व्ह आतल्या आत गळत असेल तर हवा बाहेर येत नाही, एका कोपऱ्यातून दुसरीकडे सरकते. त्यामुळे बुडबुडा कुठेच नाही. एक कोपरा खाली आणि दुसरा मूळ मापापेक्षा किंचित वर, असे आकडे मोजपट्टीच्या कागदावर आले तर ते इकडेच बोट दाखवतात. कॉम्प्रेसरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचीही अशीच परीक्षा घेता येते. हवा सोडायच्या नळीचं तोंड पाण्याच्या ग्लासात बुडवा, कॉम्प्रेसर बंद असताना एकामागून एक बुडबुडे येत राहिले तर तो व्हॉल्व्ह बसत नाही. कॉम्प्रेसर चालू असतानाही हवा तिथून निसटत असेल तर तो कितीही चालला तरी दाब चढणार नाही, आणि निदान मात्र ‘पिस्टन गेला’ असं होतं.

हाइट सेन्सर (चाकाजवळ बसून गाडीची उंची मोजणारा) एका वाक्यात: त्याची लिंक रॉड तुटली किंवा सेन्सर अडकला तर कंट्रोल युनिटला चुकीची उंची कळते आणि ते विनाकारण हवा भरत किंवा सोडत बसतं, म्हणून चाकाशी गेलातच आहात तर ती हलवून बघा.

आता विजेचा भाग. तुमच्या गाडीत कॉम्प्रेसर चालतोय, त्यामुळे हा भाग तुम्हाला थोडाच लागू आहे. पण ज्यांचा अजिबात आवाज करत नाही त्यांनी इथूनच सुरुवात करावी. आधी मोठा फ्यूज, अनेक गाड्यांत ४० ॲम्पिअरचा. तो उडालेला असेल तर नवीन घालून खूश होऊ नका, मोटर जास्त करंट ओढतेय म्हणून उडाला का ते शोधा. त्यानंतर रिले. रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात, काहींवर १, २, ३, ५. ८५-८६ ही कॉइल, ३०-८७ हे मुख्य संपर्क. दुसऱ्या खुणांत १-२ कॉइल आणि ३-५ संपर्क. रिले काढून सॉकेटमध्ये ३० आणि ८७ जाड, फ्यूज लावलेल्या वायरने क्षणभर जोडा. कॉम्प्रेसर चालला तर मोटर जिवंत आहे, दोष रिलेत किंवा त्याला मिळणाऱ्या हुकमात. नाही चालला तर मल्टिमीटर घेऊन कॉम्प्रेसरच्या प्लगपर्यंत जा. व्होल्टेज नेहमी मोटर जोडलेली असताना मोजा. मोकळ्या प्लगवर १२ व्होल्ट दाखवणारी वायर लोड आला की ८ वर येते, आतून गंजलेल्या वायरचं हेच लक्षण. अर्थिंगच्या बोल्टलाही तीच कसोटी. थेट वायर जोडून कॉम्प्रेसर अर्ध्या मिनिटाहून जास्त चालवू नका. तुम्ही कंट्रोल युनिटला बाजूला काढलंय, तापला तर बंद करणारं कोणी नाही.

मोटर चालत नाही, पण स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकलं की चालू होते? कार्बन ब्रश संपलेत. घरी पोहोचायला ही युक्ती बरी, पण तिच्या भरवशावर महाबळेश्वरला निघू नका.

रिलेबद्दल मी हट्टी आहे. रिलेचे संपर्क हजारो वेळा ठिणग्या खाऊन एक दिवस चिकटतात. मग कंट्रोल युनिटने बंद म्हटलं तरी कॉम्प्रेसर चालूच राहतो, गाडी लॉक केल्यावरही. सकाळी बॅटरी उतरलेली आणि कॉम्प्रेसर जळालेला, दोन्ही एकदम. रिलेची किंमत कॉम्प्रेसरच्या तुलनेत किरकोळ असते. कॉम्प्रेसर बदलताना रिले बदलणार नाही असं कोणी म्हणालं तर मी तिथे गाडी देणार नाही.

गळती सापडली, वीज ठीक आहे, आता प्रत्यक्ष कॉम्प्रेसरची ताकद बघायची. तो कुठे आहे ते गाडीवर अवलंबून. मर्सिडीजने १९९८ मध्ये एअरमॅटिक हे आपलं एअर सस्पेन्शन आणलं त्या डब्ल्यू २२० एस-क्लासमध्ये तो पुढच्या उजव्या चाकापुढे, बंपरच्या मागे. डिस्कव्हरी ३-४ मध्ये डाव्या मागच्या चाकापुढे, बॉडीखाली एका डब्यात. जुन्या रेंज रोव्हर एल ३२२ मध्ये डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्यात. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांत हवा फक्त मागच्या एक्सलला असते, त्यामुळे पुढे काही शोधत बसू नका. बंपरमागे किंवा बॉडीखाली असलेल्यांना पावसाळ्यात साचलेल्या पाण्याचा मार बसतो. पाण्यातून गाडी काढली असेल तर प्लग उघडून हिरवा गंज आणि इनटेक फिल्टरमधला चिखल आधी बघा. फिल्टर चोंदला की पिस्टनला हवाच मिळत नाही, आणि बाहेरून लक्षणं रिंग झिजल्यासारखीच दिसतात.

दाब मोजायचे दोन मार्ग. चांगला स्कॅनर असेल तर दाबाचा लाइव्ह आकडा लावून कॉम्प्रेसर चालू करा आणि तो कसा चढतो ते बघा. ज्या गाडीत प्रेशर सेन्सर नाही तिथे आउटलेटच्या पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) लावून गेज बसवा. जड एसयूव्हीला उचलायला बलूनमध्ये साधारण ६ ते १० बार लागतात, म्हणजे कॉम्प्रेसरला त्याच्या बराच वर जाता आलं पाहिजे. निरोगी कॉम्प्रेसरचा काटा थांबल्याशिवाय १० च्या पुढे जातो. ५-६ वर जाऊन तिथेच थरथरत राहिला, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळत नाही आणि फिल्टरही साफ आहे, तर पिस्टन रिंग संपली. तुमचं लक्षण ‘अर्धवट उठते’ असं आहे, म्हणून माझा अंदाज इकडेच झुकतो. सोबत क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) लावा. दाब कमी आणि करंटही कमी म्हणजे रिंग झिजल्यामुळे मोटर मोकळी फिरतेय. दाब कमी आणि करंट वाढलेला म्हणजे मोटर किंवा बेअरिंग जड झालंय, तिथे रिंग बदलून उपयोग नाही.

स्कॅनरबद्दल दोन शब्द. ब्लूटूथचा स्वस्त डोंगल बहुतेक फक्त इंजिनाचे कोड वाचतो, सस्पेन्शनच्या युनिटपर्यंत पोहोचतच नाही. आणि पोहोचणारा स्कॅनर ‘टाकी भरताना दाब हळू चढतो’ अशा अर्थाचा कोड देतो तेव्हा तो कॉम्प्रेसर खराब असल्याचं सांगत नसतो. दाब हळू चढतो, एवढंच सांगत असतो. पाइप फुटला तरी हाच कोड येतो, फिल्टर चोंदला तरी हाच. तुमच्या गॅरेजवाल्याने कोड वाचला आणि पुढची तपासणी न करता भाग सांगितला असं दिसतंय. त्यांना विचारा: कोणता कोपरा गळतो, आणि दाब किती बारपर्यंत जातो? दोन्हीची उत्तरं नसतील तर निदान झालेलं नाही.

दुरुस्ती होते का? होते, अटींवर. पिस्टन रिंगचं किट मिळतं, बरेचदा सिलिंडरच्या स्लीव्हसकट (आतल्या अस्तरासकट). कॉम्प्रेसरचं डोकं खोलल्यावर सिलिंडरच्या आतून नख फिरवा. गुळगुळीत असेल तर नवीन रिंग बरीच चालते. उभे ओरखडे लागले तर स्लीव्हही बदला, नाहीतर नवी रिंग काही आठवड्यांत खाल्ली जाईल. ड्रायरचा डबा उघडून मणी पूर्ण ओता, पूड ब्रशने काढा, नवीन मणी त्याच आकाराचे आणि त्याच प्रकारचे भरा. घरच्या ओव्हनमध्ये जुने मणी भाजून परत भरणारे लोक आहेत. मणी अखंड असतील तर त्यातून काही महिने निघतात, पण ज्याची पूड व्हायला लागलीय त्याला भाजून काय मिळणार? मोटरच गेली असेल तर किटच्या मागे लागू नका, पूर्ण कॉम्प्रेसर घ्या. ज्या कंपनीने मूळ गाडीला पुरवला तिचाच, तिच्या स्वतःच्या खोक्यात, अनेकदा गाडीच्या शोरूमपेक्षा स्वस्त मिळतो. निनावी खोक्यातले फार स्वस्त कॉम्प्रेसर मी बसवत नाही. आवाज जास्त, रबरी माउंट कडक आणि आतला ड्रायर कधी अर्धाच भरलेला. ‘रिफर्बिश्ड’ घ्यायचाच असेल तर आत नक्की काय बदललं ते लेखी घ्या.

बसवताना बारीकसारीक गोष्टींनी खेळ बिघडतो. पाइपचं टोक धारदार कटरने सरळ कापा, तिरकं कापलेलं टोक पहिल्या आठवड्यात गळतं. जोडणीतलं पितळी कडं नवीन घाला. कॉम्प्रेसर ज्या रबरावर किंवा स्प्रिंगवर लोंबतो ते तुटलेलं असेल तर बदला, नाहीतर थरथर सगळी बॉडीत येते आणि पाइपही जोडातून सैल होतो. जुन्या ड्रायरची पूड पुढे गेली असेल तर पाइप कोरड्या हवेने झाडून घ्या आणि व्हॉल्व्ह ब्लॉक उघडून बघा. शेवटी स्कॅनरने जुने कोड पुसा. ही पायरी राहिली की कंट्रोल युनिट जुन्या दोषामुळे नव्या कॉम्प्रेसरला चालूच करत नाही, आणि मग नवा भागही खराब निघाला म्हणून दुकानदाराशी वाद होतात. नवा बलून बसवला असेल तर त्यात हवा भरण्याआधी गाडीचं वजन त्यावर टाकू नका. रिकाम्या बलूनवर गाडी टेकली की रबर चुकीच्या घडीत दाबलं जातं आणि पहिल्याच दिवशी चीर पडते.

तोपर्यंत चालवायची का? गाडी नॉर्मल उंचीवर उठत असेल आणि तिथे टिकत असेल तर गावातल्या गावात, हळू, चालेल. पुढचा कोपरा बसलेला असताना अजिबात नाही. सस्पेन्शनला हालचाल उरत नाही, धक्का थेट बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) जातो, चाक फेंडरच्या आतल्या कव्हरला घासतं आणि ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढू शकते. गॅरेजपर्यंत न्यायचीच तर चारही चाकं उचलून ठेवणाऱ्या फ्लॅटबेडवर न्या, आणि चालकाला सांगा की पट्टे चाकांना बांध, बॉडीला नाही.

एक सवयही सोडा. बरेच मालक सोसायटीच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडी उंच करतात आणि उतरल्यावर परत खाली घेतात. प्रत्येक वेळी टाकीतली हवा खर्च होते आणि कॉम्प्रेसरला ती परत भरावी लागते. खराब रस्त्यांचा भाग असेल तर एकदाच उंच करा आणि तो संपेपर्यंत तिथेच राहू द्या.

हे सगळं काढून साध्या कॉइल स्प्रिंग टाका, असा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. खूप जुनी गाडी, भाग मिळत नाहीत, अशा वेळी मी ते समजू शकतो. तुमच्या गाडीत मात्र त्याची गरज नाही. डॅम्पर (शॉक ॲब्झॉर्बर) आणि कंट्रोल युनिट हवेच्या हिशोबाने बनवलेत, इशारे येत राहतील आणि सात माणसं बसल्यावर मागचा भाग खाली जाईल.

तुमच्या गाडीत मी असं करेन: शनिवारी रात्री फ्यूज काढून मोजपट्टीची परीक्षा, रविवारी साबण. पुढचा उजवा बलून गळताना सापडला तर तो आधी बदला. पुढच्या दोन्ही बाजूंचं वय सारखंच असतं, म्हणून डावाही उंच पातळीवर नेऊन तपासा आणि चिरा दिसत असतील तर एकदमच करा. मग इनटेक फिल्टर, ड्रायरचे मणी आणि रिले नवे. त्यानंतरच गेज लावून दाब बघा. १० बारच्या पुढे सहज गेला तर जुना कॉम्प्रेसर ठेवा. नाही गेला तर सिलिंडर उघडा, नखाला ओरखडा लागतो का बघा, आणि किट की नवीन ते तिथेच ठरवा.